बाटलीभर पेट्रोल आणि मिठाचा टेम्पो

वाशीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी फिजिक्स शिकवायला लागले, तेव्हा ऐंशीचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. मेकॅनिकलच्या विभागप्रमुखांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो. खडूवर त्यांची अपार श्रद्धा. कॉलेजात ओव्हरहेड प्रोजेक्टर आला तेव्हा ते म्हणाले होते, "भिंतीवर सावल्या पाडून कुणी इंजिनिअर होत नाही." आणि मग तेच त्या यंत्राच्या असे प्रेमात पडले, की भर दुपारी त्यांच्या वर्गाचे पडदे ओढलेले असायचे. काचेवर ठेवायच्या पारदर्शक शीटवर आकृत्या काढून द्यायच्या त्यांच्या पत्नी. वहिनी शाळेत चित्रकला शिकवायच्या. त्यांनी काढलेला पिस्टन इतका देखणा असायचा, की अंधारात झोपणारी मुलंसुद्धा आधी एकदा त्याच्याकडे बघून घ्यायची.

त्याच सुमारास सरांना नवी छोटी गाडी मिळाली. आधीची अवजड गाडी पेट्रोल ढोसायची आणि उपकार केल्यासारखी चालायची. नव्या गाडीचं कौतुक करताना सर इतके हळवे व्हायचे, की स्टाफरूममध्ये लोक हळूच वर्तमानपत्र वर करायचे.

"कंपनी सांगते त्यावर मी विश्वास ठेवणार नाही," ते एकदा म्हणाले. "प्रयोग करू. मॅडम, रविवारी तुम्ही नोंदी घ्यायला या. तुमचं वजनही कमी आहे."

रविवारी सकाळी गेले तर गाडीची स्टेपनी, पाने, जॅक, सगळं जिन्याखाली ठेवलेलं. टाकीतलं पेट्रोलही काढून टाकलं होतं, कारण त्याचंही वजन असतं. बॉनेटखाली एक लिटरची बाटली बांधून इंजिनाची नळी तिला जोडली होती. वहिनी डबा घेऊन खाली आल्या.

"अगं, डबा कशाला? वजन वाढतं."

"मग मीच राहते घरी."

सरांनी मागचं दार उघडून धरलं. डबा आणि वहिनी मागे, मी पुढे, अशी गाडी निघाली.

बेत असा होता, की कंपनीच्या हिशेबाने बाटली जिथे संपायची, तिथे जासई गावाच्या अलीकडे पेट्रोल पंप होता. सर ब्रेकला पाय लावत नव्हते. काचा बंद, कारण वारा अडवतो. बेलापूरच्या पुढे एक म्हैस आडवी आली, तेव्हाही त्यांनी ब्रेकऐवजी हॉर्नवर भिस्त ठेवली. म्हैस समंजस निघाली.

पंप आला. गाडी सुरळीत चालली होती.

"अहो, भरून घ्या," वहिनी म्हणाल्या.

"आत्ता? ऐन रंगात आलेला प्रयोग मोडू?"

पंप मागे गेला. जासई मागे गेलं. गाडी काही थांबेना. सरांचा चेहरा पोराला बोर्डात नंबर मिळाल्यासारखा फुलला होता. शेवटी इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं, तेव्हा एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला खाडीतलं तिवराचं रान आणि डोक्यावर ऊन होतं.

"उत्तम!" सर उतरून म्हणाले. "कंपनीपेक्षा जास्त!"

"आणि घरी कसं जायचं?" मी विचारलं. हा मुद्दा प्रयोगात नव्हता.

आम्ही डबा खाल्ला. बऱ्याच वेळाने मिठाच्या गोण्या भरलेला एक टेम्पो आला. ड्रायव्हर जवळच्याच गावचा, लुंगीतला, पोक्त माणूस होता.

"काय झाला, मास्तर? बिगारली?"

"बिघडली नाही," सर दुखावून म्हणाले. "फार चांगली चालली, म्हणून थांबली."

त्याने एकदा गाडीकडे, एकदा वहिनींकडे पाहिलं. "दोरी हाय. बांधू?"

"थांबा! ओढून नेलं तर किलोमीटरचा आकडा पुढे सरकेल."

"तो मॅडमनी लिहून घेतलाय," वहिनी म्हणाल्या. "आता बसा."

मिठाच्या मागोमाग आम्ही पंपावर पोचलो. सरांनी वाटभर स्टिअरिंग असं धरलं होतं, जणू टेम्पो तेच चालवत होते.

पुढच्या आठवड्यात त्यांनी या प्रयोगावर तास घेतला. मलाही बोलावलं होतं. पडदे ओढले, वेगाचा आलेख आला, तक्ता आला. शेवटची शीट सरांनी न बघताच काचेवर ठेवली आणि मुलांकडे तोंड करून म्हणाले, "हा आपला निष्कर्ष."

वर्गात हशा फुटला. बाकं वाजली. सर वळले. भिंतीवर वहिनींनी रंगीत पेनांनी काढलेला मिठाचा टेम्पो होता, त्याला दोरीने बांधलेली छोटी गाडी, आणि काचेतून दिसणारे चष्मेवाले, अत्यंत गंभीर सर.

सरांनी चष्मा पुसला, पट्टी उचलली आणि दोरीवर टेकवली.

"ही दोरी. आता सांगा, मागे गाडी बांधल्यावर टेम्पोचं मायलेज किती घटेल? आणि का?"

एरवी पेंगणारे हात वर करायला लागले. घर्षण, वजन, वेग, वारा, सगळं एकेक करून मुलांच्याच तोंडून आलं. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

त्यानंतर सिव्हिलचे आणि इलेक्ट्रिकलचे लोकही आकृत्यांसाठी वहिनींकडे खेपा घालायला लागले. मीही भिंगांची चित्रं काढून घ्यायला जायचे. दार सर उघडायचे, हातात चहाचं भांडं असायचं आणि चेहऱ्यावर तक्रार. "आत आहेत," ते म्हणायचे, "पण आधी माझ्या गिअरबॉक्सचा नंबर आहे."