मागच्या खिडक्या

आज दुपारी समोरच्या फुटपाथवर तीन-चार शेजारी एका पार्सलवाल्याला अडवून त्याच्यावर ओरडत होते. मी पटकन ब्लाइंड्सची दोरी ओढली. पट्ट्या खडखडत खाली आल्या आणि त्या आवाजासरशी मला अमेरिकेतल्या ईडन प्रेरीतलं आमचं नव्वदच्या दशकातलं अपार्टमेंट आठवलं.

शनिवारची दुपार होती, बाहेर गुडघाभर बर्फ. नागपूरहून आलेले बाबा मफलर गुंडाळून सोफ्यावर बसले होते आणि घरभर पॉपकॉर्नचा खरपूस वास सुटला होता. टीव्हीवर घोडे-बंदुकांची सिरियल चालू होती. गावातले काही जण कैद्याला परस्पर फासावर लटकवायला दोर घेऊन तुरुंगावर चालून आले होते आणि पायरीवर शेरीफ एकटाच उभा होता. बाबांना इंग्रजी कळत नसे, म्हणून मी सांगत होते, "तो म्हणतोय, आधी खटला चालेल, मग शिक्षा."

बाबा शेरीफकडे बघतच नव्हते. "मागं बघ. लोक खिडक्या लावून घेतायत."

"बाबा, ते एक्स्ट्रा आहेत हो! हिरो बघा ना."

"विहिरीचं पाणी घेतलं म्हणून तुझ्या आजोबांना मारलं, तेव्हा अशाच लागल्या होत्या," बाबा सावकाश म्हणाले. "मारणारे चारच होते गं. खिडक्या कितीतरी."

एपिसोडची मजा घालवली म्हणून मी तेव्हा चिडलेच होते. पुढं काही विचारलंसुद्धा नाही.

दोरी अजून माझ्या हातातच होती. मी ब्लाइंड्स वर केले, कोट घातला आणि दार उघडलं. फुटपाथवरच्या सगळ्यांना दिसेन अशी पायरीवर जाऊन उभी राहिले.