तोंडी परीक्षा आणि अक्कलदाढ

दातांची डॉक्टर झाल्यावर मी सोलापुरात एका ज्येष्ठ डॉक्टरांच्या दवाखान्यात काम करत होते आणि एम.डी.एस. या पुढच्या पदवीच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यासही. लेखी परीक्षा पार पडली. मुंबईला तोंडी परीक्षेसाठी जायच्या आठवड्यात नेमकी माझीच अक्कलदाढ सुजली. तोंड बोटभरही उघडेना. कळलं तर सासरचे जाऊ देणार नाहीत, या धास्तीने मी गप्प राहिले.

सासूबाई कर्नाटक सीमेवरच्या दुधनीकडच्या. ताटातली कडक भाकरी तशीच बघून म्हणाल्या, "चावंना व्हय तुला? दातांची डाक्टर हायस की तू!"

मला रडू कोसळलं. "परीक्षा तोंडी आहे आई, आणि तोंडच उघडत नाही."

त्यांनी मला धरून दवाखान्यात नेलं. तिथल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी हिरडीला चीर देऊन पू काढला.

तरी मुंबईत गाल सुजलेलाच होता. परीक्षक म्हणाले, "तोंड उघडून बोला." मी चाचरत माझ्याच दाढेचं निदान सांगितलं. मग ते त्याच्याच मागे लागले. सूज गळ्यात उतरली तर? श्वास अडला तर? उत्तरं येत होती, पण एकेक सांगताना माझाच हात गळ्याकडे जात होता.

पुढे निवड झाल्याची तार आली. सासूबाईंनी विचारलं, "किती वर्सं ऱ्हायचं तितं?"

"दोन तरी."

दुसऱ्या दिवशी माझी ट्रंक पुसून त्यांनी उन्हात ठेवली.