वाचनालयातली पाटी

मला कॉलेजच्या ग्रंथालयाच्या विद्यार्थी सल्लागार समितीत घेतलं, तेव्हाच ओळखायला हवं होतं की सल्ला कोणालाच नकोय. सभेत समोसे आले, फोटो निघाले, सोफ्याचा रंग ठरला. मी एवढंच म्हणाले, वाचायची खोली आठपर्यंत उघडी ठेवा.

"पाचनंतर कोणी बसत नाही," ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या.

पाचला कुलूप लावल्यावर बसणार कुठे? तारोडीला आमच्या घरी संध्याकाळी एकाच खोलीत मासेमारीची जाळी, टीव्ही आणि भावांची भांडणं. परीक्षा तोंडावर आली होती, आणि मला नापास व्हायचं नव्हतं.

घरी आले ती धुमसतच. आईला सगळं सांगितलं. ती भाईंदरच्या बाजारात मासळी विकते. तिथे सकाळी ज्या बाईनं आपली मासळीची पाटी ठेवली, ती जागा तिची. बाई चहाला गेली तरी पाटीला कोणी हात लावत नाही.

"जागा मागाची न्हाय," आई म्हणाली, "धराची."

दुसऱ्या दिवशी तिची जुनी पाटी धुऊन घेऊन गेले. वास राहिलाच. पाच वाजता ती टेबलावर ठेवली आणि पुस्तक उघडलं.

मॅडम किल्ल्या घेऊन आल्या. "हे काय आहे?"

"पाटी. जागा धरलीय."

"हे कॉलेज आहे, बाजार नाही."

"बाजारात निदान बसायला मिळतं, मॅडम."

मी उठले नाही. समितीतली सिल्व्हर पार्कच्या फ्लॅटमध्ये राहणारी मुलगी, जिनं सोफे मागितले होते, तिनं पाटीशेजारी आपली बॅग ठेवली. "मैं भी बैठूँगी. घर पे मेहमान हैं." मग मागच्या टेबलावरची मुलंही परत बसली. आत माणसं असताना कुलूप लावता येईना. मॅडम चिडून खुर्चीत बसल्या आणि पाचनंतर कोण बसतं ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

रोज हेच चाललं. पाटी घरी न्यायला त्यांनी कितीदा सांगितलं, मी नेली नाही. शेवटी दारावर नवी वेळ लागली, आठपर्यंतची. सोफेही आले, गुलाबी.

त्या दिवशी पाटी आईला परत द्यायला गेले. तिनं घेतली नाही.

"राहू दे तुजेकडं," ती म्हणाली. "अजून लागंल."