वाळवणावरची जगदेवी

लातूरच्या एका डाळमिलच्या वाळवणावर जगदेवीची उमर गेली. साल सुटावी म्हणून तेलपाणी लावलेली तूर फरशीवर पसरायची आणि भर दुपारी पायांनी ओळी ओढत खालीवर करायची, हे तिचं काम. अन्नावर चप्पल घालून कुणी जात नाही, म्हणून अनवाणी. पायाला ओलं फडकं बांधावं, तर माल भिजतो म्हणून मुकादम ओरडतो. पूर्वी एप्रिल-मे कसेबसे निभायचे. हल्ली होळीलाच फरशी तापलेली असते.

यंदा तिची गरोदर सून स्वप्नालीही सोबत होती. एका दुपारी ती वाळवणावरच चक्कर येऊन पडली. मी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. त्या दिवशी घरासाठी डाळ घ्यायला मिलमध्ये गेलो होतो. जगदेवीनं सुनेला सावलीत ओढलं आणि मालकाच्या मुलाला, अमरनाथला म्हणाली, "शेठ, दुपारचं काम बंद करा. सकाळ-संध्याकाळ करूत. पोरीचं लेकरू जाईल."

अमरनाथ, माझा जुना विद्यार्थी, हसला. "मावशी, हवा बदलायली तसा माणूस बी बदलतो. तुमची पुढची पिढी लई काटक निघंल. निसर्गच निवड करतो. विचारा सरांना, त्यांनीच शिकवलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. असलं मी कधी शिकवलं? आईनं ऊन सोसलं म्हणून पोटातलं लेकरू काटक होत नाही. निवड म्हणजे ज्यांना सोसत नाही ते मरतात, त्यांचा वंश राहत नाही, आणि फरक दिसायला कित्येक पिढ्या जातात. तेवढी मढी उचलायची, आणि ती कशासाठी? चार तास काम थांबवायचं नाही म्हणून! हे सगळं मी त्याला तिथंच सुनावलं.

"सर, धंद्याच्या जागी धंदा," तो म्हणाला.

जगदेवी उठली. "शेठ, दामिनीवैनीला बी दिवस गेलेत न्हवं? आणा त्यांना उद्या, चपला काढून. तुमचं लेकरू बी काटक होऊ द्या. आमच्यावरच का एवढी मेहरबानी?"

"माझ्या बायकोचं नाव घ्यायचं काम न्हाई!" अमरनाथ कडाडला.

बाकीच्या बायका एकेक करून वाळवणावरून उतरल्या. कुणी परत वर चढेना, तूर तशीच तापत राहिली. माल बिघडेल म्हणून अमरनाथनं तणतणत बूट काढले, स्वतःच वर चढला आणि उड्या मारतच परत आला.

"चारला या सगळ्या," तळपाय चोळत तो म्हणाला.

"चारचं चारला बघू," जगदेवी म्हणाली. "आधी गाडी काढा. पोरीला दवाखान्यात न्यायचंय."