कुंकू लावलेलं ग्राफिक्स कार्ड

दसऱ्याला मी ग्राफिक्स कार्डाला कुंकू लावलं, हे आधीच सांगून टाकते. आमच्याकडे त्या दिवशी इस्त्रीला कुंकू लागतं, मिक्सरला लागतं, स्कूटरला झेंडूची माळ पडते. मग नव्याकोऱ्या कार्डानंच काय घोडं मारलं होतं? बोट जरा जास्त ओलं होतं, एवढंच.

कार्ड माझं होतं. मुलासाठी नाही, भाच्यासाठी नाही, माझं. मुलगी नोकरीला बेंगळुरूला गेल्यापासून आम्ही दोघी संध्याकाळी कॉम्प्युटरवर गाड्यांची शर्यत खेळतो. ती तिकडून, मी नाशिक रोडहून. फोन स्पीकरवर, हात कीबोर्डवर. "आई, वळण आलंय, ब्रेक!" मी ब्रेक शोधेपर्यंत माझी गाडी कुणाच्या तरी शेतात. पण नुसत्या फोनवर 'जेवलीस का, झोपलीस का' यापुढे आमची गाडी जात नाही. शर्यतीत मात्र ती ऑफिसातलं सगळं सांगून टाकते. आई आपल्याकडे बघत नाहीये, रस्त्याकडे बघतेय, म्हणून असेल.

जुन्या कॉम्प्युटरवर चित्र अडखळायचं म्हणून हे परवडणारं कार्ड घेतलं. दोन पंखे, लाल पट्टे, एकूण रुबाब लग्नातल्या नवरदेवाच्या मित्रासारखा. पण खेळ जरा रंगात आला की पडद्यावर रंगीत चौकोन उमटायचे, रांगोळीत कुणी पाय दिल्यासारखे, आणि मग सगळं काळं. असं रोज व्हायला लागल्यावर एकदा मुलगी म्हणाली, "राहू दे आई. आपण आपलं फोनवरच बोलत जाऊ."

ते मला लागलं.

मी सातपूरला स्विचगिअरच्या, म्हणजे विजेच्या मोठ्या स्विचांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. वस्तू का तापते, हे बघायचा मला पगार मिळतो. घरात या अनुभवाला फारशी किंमत नाही, कारण मागे फ्रिज बंद पडला म्हणून मी त्याचं मागचं झाकण काढून बसले होते आणि प्लग निघालेला होता. तरीही मी कॉम्प्युटरची बाजू उघडली, अगरबत्ती पेटवली आणि पंख्यांजवळ धरली. हवा कुठून कुठे जाते ते कारखान्यात आम्ही धुरानंच बघतो.

ह्यांनी पेपर खाली केला. "आता आरती का?"

"हो. तुम्ही टाळ्या वाजवा."

माझा संशय पंख्यांवर होता. तो साफ चुकला. पंखे बिचारे जीव तोडून फिरत होते. पहिल्या पंख्यानं धूर आत ओढला, घोळवला आणि सावकाश बाजूनं सोडला. दुसऱ्याच्या टोकाकडे मात्र धूर आत गेला तसाच झटकन बाहेर. आत अडवायला काही नसल्यासारखा.

शनिवारी मी आणि हे कार्ड घेऊन शालिमारला, जिथून घेतलं त्या दुकानात गेलो. दुकानदार तिशीतला, जिभेवर साखर. त्यानं कार्ड उलटंसुलटं केलं आणि वास घेतला. "काकू, याची पूजा केलीत?"

"दसऱ्याला."

"मग झालं की! कुंकू आत गेलं. हे वॉरंटीत नाही बसत." आणि ह्यांच्याकडे वळून, "साहेब, तुम्हीच समजवा त्यांना."

साहेब मान डोलावण्याच्या बेतात होते. मी बघितलं, मान थांबली.

"स्कूटरला दर वर्षी कुंकू लावते मी," मी म्हणाले. "इंजिन बिघडलं तर मेकॅनिक कुंकवाला धरत नाही. उघडा ते."

"सील तुटेल, काकू."

"तुटू दे. आत कुंकू निघालं तर मुकाट्यानं घरी नेईन. नाही निघालं तर कार्ड तुमचं."

"अगं, कशाला..." हे पुटपुटले. पण आता आजूबाजूचे चार जण गोळा झाले होते, आणि दुकानदारालाही बहुतेक बघायचंच होतं.

कुंकू वरच्या प्लास्टिकवरच वाळून बसलं होतं. पात्यांवर थोडी राख होती, ती माझी, कबूल. खाली उष्णता शोषून घेणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा, दाट पापुद्र्यांचा. मधल्या मोठ्या चिपवर तो नीट बसला होता, पण कार्डाच्या निम्म्यातच संपला होता. कडेच्या मेमरी चिप उघड्या बोडक्या. मोठ्या मुलाला धाकट्याचा शर्ट चढवावा तसा प्रकार. पाठीवरची काळी पाटी धातूची वाटायची, ती निघाली प्लास्टिकची. उष्णता घालवायची सोडून गोधडीसारखी पांघरलेली.

दुकानदारानं डोकं खाजवलं. "बरं काकू, बदलून देतो." त्यानं तसलाच दुसरा डबा काढला.

"याच्या फटीतून टॉर्च मारा."

त्यानं मोबाइलचा उजेड टाकला. तोच आखूड ठोकळा, त्याच बोडक्या चिप.

"म्हणजे हा बिघाड नाहीये," मी म्हणाले. "हे बनवलंयच असं."

"काकू, या किमतीत एवढं चालवून घ्यावं लागतं."

चालवून घ्या! प्लंबर म्हणतो चालवून घ्या, शिंपी म्हणतो चालवून घ्या, कारखान्यात माल अडवला की वरचे लोक म्हणतात मॅडम, या वेळी चालवून घ्या. माझा आवाज चढला. स्वस्त वस्तू साधी असावी, मान्य आहे. एकच पंखा द्या, पट्टे देऊ नका, दिवे देऊ नका. पण जे तापतं त्यावर ठोकळा पुरता घाला! दुसऱ्या पंख्याला पैसे होते, बोटभर ॲल्युमिनियमला नव्हते? "मी नाही चालवून घेणार," मी म्हणाले. "याच किमतीतलं दुसरं दाखवा."

त्यानं खालच्या फळीवरून एक डबा ओढला. एकच पंखा, बुटकं, जाड, रंग धड काळा नाही की राखाडी नाही. "हे कोणी घेत नाही काकू. दिसायला अगदीच..."

"माझ्यासारखं आहे. द्या इकडे."

हातात घेतलं तर चांगलं जड. टॉर्चनं बघितलं, ठोकळा या कडेपासून त्या कडेपर्यंत, सगळ्या चिप खाली झाकलेल्या.

"आणि हेही तापलं तर?" त्यानं हसत विचारलं.

"तर परत येईन. शनिवारी कारखान्याला सुट्टी असते माझ्या."

त्याचं हसू जरा आवरलं.

त्या संध्याकाळी चौकोन आले नाहीत. मुलगी तिच्या मॅनेजरबद्दल बोलत होती, मग घरमालकिणीबद्दल, मग मॅनेजरबद्दल पुन्हा. मी प्रत्येक शर्यतीत शेवटची आले. "आई, आता बंद करू या का?" ती म्हणाली. "तुला स्वयंपाक असेल."

"आज तुझे बाबा करतायत," मी म्हणाले. "चल, अजून एक."