पेन्सिलीत काय असते

आधी हनीफभाऊंचं नाव लिहिते. गडचांदूरला जळालेल्या विजेच्या मोटारींत तांब्याची तार नव्यानं भरायचं त्यांचं दुकान आहे. मले हाताला धरून काम त्यांनीच शिकवलं. ते नसते तर मी हे लिहायला बसलेच नसते.

आता झालं ते सांगते.

भामरागडकडची आश्रमशाळा. सहावीचा वर्ग. गुरुजींनी विचारलं, पेन्सिलीत काय असतं? कोणी उठेना. मी उठले. घरी चुलीतल्या कोळशानं मी भिंतीवर मोर काढायची. पेन्सिलही तशीच काळी, तशीच बोटाले लागणारी.

"कोळसा, गुरुजी."

गुरुजी हसले. "शिसं असतं, शिसं. म्हणून तर शिसपेन्सिल म्हणतात."

एवढ्यावर थांबले असते. नाही थांबले. स्वयंपाकघरातून कोळसा मागवला. माझ्या कपाळाला फासला. मग दोन्ही गालांना.

"बघा रे, जंगलातली पेन्सिल. हिला टोक करायचीही गरज नाही."

पोरं हसली. माझ्या गावची पोरंही हसली. जेवणाच्या घंटेपर्यंत तशीच उभी. तोंड धुवायला जाऊ दिलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, ती परत गेलेच नाही. बाबानं कारण विचारलं. पोट दुखते म्हटलं. कितीतरी दिवस तेच सांगितलं.

पुढे मामेबहिणीसोबत गडचांदूरला आले. घर एवढं दूर की सणालाच जाणं होते. दुकानात माझ्याकडे कार्बन ब्रशचं काम आलं. ब्रश म्हणजे बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा. मशीनच्या फिरत्या भागाला टेकून तो आत वीज पोचवतो. नवा ब्रश सपाट असतो. पॉलिश पेपरवर घासून त्याले गोलाई द्यावी लागते, नाहीतर ठिणग्या उडतात.

एकदा घासता घासता तो बाजूच्या साध्या कागदावर फिरला. रेघ उमटली. अगदी पेन्सिलीची. मी तो कागद हनीफभाऊंपुढे धरला.

"भाऊ, हे शिसं हाय का?"

"शिसं कायले असन?" त्यांनी स्टोव्ह पेटवला. तारांच्या जोडाले डाग द्यायची तार ज्योतीवर धरली. "पाह्य. यात शिसं हाय." थेंब टपकला. मग खुणा करायची कानावरची पेन्सिल फोडली, आतली काडी पक्कडीत धरली. काडी लाल झाली. टपकली नाही.

"ग्राफाईट हाय हे. कार्बन. कोळशाच्याच खानदानातलं. तुले कोणं सांगतलं शिसं म्हणून?"

मी सांगितलं. सगळं. पहिल्यांदाच कोणाले सांगत होते. भाऊ स्टोव्ह विझवायचं विसरले.

"मंग नापास तर गुरुजी झाला ना, बेटा. शाळा तू काऊन सोडली?"

 त्यांनीच कुठून तरी माहिती काढली. सतरा नंबरचा फॉर्म भरला तर बाहेरून दहावी देता येते. पण शाळेचा दाखला पाहिजे. त्यांनी मले दोन दिवस सुट्टी दिली, गिऱ्हाइकांची बोलणी एकट्यानं खाल्ली.

शाळेत तेच गुरुजी. आता मुख्याध्यापक. मले ओळखलं नाही. दाखल्याचा अर्ज पुढे सरकवला.

"शाळा सोडण्याचं कारण लिही, अभ्यास झेपत नव्हता. सगळे तेच लिहितात."

पेन हातात घेतला. दाखला नाही तर फॉर्म नाही. बस सुटायची वेळ झाली होती. लिहून टाकावं, तीनच शब्द तर आहेत, असंही वाटलं. खोटं कशाले सांगू.

"झेपत होता, गुरुजी."

"मग काय लिहिणार?"

"तुम्ही माझ्या तोंडाले कोळसा फासला, ते."

त्यांनी चष्मा काढला. आता ओळखलं. "जुनं उकरू नको. सही कर, बस पकड."

मी खरं कारण लिहिलं. मग सही केली. गुरुजींनी दाखला दिला नाही. लिपिकाकडून अर्जाची पोच मात्र शिक्क्यासकट घेतली. बस गेली होती.

फॉर्मची मुदत जवळ आली आहे. जेवण जात नाही. दिवसातून दहादा ती पोच काढून पाहते. सोमवारी आश्रमशाळांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रकल्प कार्यालयात जाणार. तिथं नाही झालं तर त्याच्या वरच्या कार्यालयात. यंदाची परीक्षा हुकली तरी हुको. ते कारण मी खोडणार नाही.

आणि हनीफभाऊ. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. कोणत्या मोटारीत तारेचे किती वेढे, सारं त्यांच्या डोक्यात आहे. एक दिवस मी ते एकेक विचारून वहीत उतरवीन. पहिल्या पानावर लिहीन, शिकवणारे हनीफभाऊ. ती वही मी त्यांना भरदुकानात, गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं वाचून दाखवीन.