मास्तरांचा आवाज

आमच्या क्लबातले मास्तर शाळेतले नव्हेत. ते मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. निम्म्या शहराला त्यांनी क्लच सोडायला शिकवलं आणि उरलेलं निम्मं शहर त्या निम्म्याच्या धडका चुकवत फिरतं, असं मी त्यांना नेहमी चिडवतो. ते मनापासून हसतात आणि मग सांगतात की धडका मारणारे दुसऱ्या स्कूलचे.

मी दातांचा डॉक्टर. माझ्याकडे येणारी माणसं खुर्चीच्या दांड्या घट्ट धरतात, त्यांच्याकडे येणारी स्टिअरिंग. घाबरलेली माणसं हा आम्हा दोघांचाही धंदा, पण त्यांच्यापाशी जे आहे ते माझ्यापाशी नाही: त्यांचा आवाज. मी गाडी त्यांच्याकडेच शिकलो. एकदा मी सरळ गटाराकडे निघालो होतो, तेव्हा "आता थोडं उजवीकडे घ्या हं" हे ते ज्या सुरात म्हणाले, त्या सुरात लोक जेवताना मीठ मागतात. त्यांच्या पायाखाली शिकवणाऱ्यासाठीचा वेगळा ब्रेक असतो, पण तो त्यांना फारसा दाबावा लागत नाही. आवाजावरच भागतं.

केस पिकल्यावर त्यांना विमान उडवायची हौस आली. आमचा क्लब म्हणजे गावाबाहेरची एक गवताची धावपट्टी, पत्र्याची शेड, त्यात तीन म्हातारी दोन-आसनी विमानं, रेडिओची एक खोली आणि शेडच्या सावलीत एक लांब बाक. हा बाक क्लबचं खरं विद्यापीठ. जो कोणी उतरतो त्याला बाकासमोरूनच चालत यावं लागतं आणि बाकावर बसलेल्यांनी त्याला सल्ला देणं हा आमचा हक्क आहे. नाक फार वर होतं. वारा बघितला नाहीस. उतरलास की पडलास? चांगलं उतरलं तरी काहीतरी सापडतंच. एखाद्या रविवारी कोणी काही बोललं नाही तर उतरणाऱ्यालाच चुकल्यासारखं वाटतं.

बाकावरचा कायमचा गडी म्हणजे बेकरीवाला. त्याला आम्ही बागायतदार म्हणतो, कारण त्यानं एकदा विमान थेट टोमॅटोच्या मळ्यात उतरवलं. थंड, ओलसर हवेत इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. त्यासाठी एक मूठ असते. ती ओढली की गरम हवा आत जाते आणि बर्फ वितळतो. पण वितळलेलं पाणी इंजिनातूनच जातं, त्यामुळे थोडा वेळ इंजिन आणखीनच खोकतं. ज्याला हे ठाऊक असतं तोही त्या क्षणी विसरतो. वाटतं, मूठ ओढली म्हणूनच बिघडलं, आणि हात आपोआप मूठ परत आत ढकलतो. बागायतदारानं हेच केलं आणि टोमॅटोत गेला. तेव्हापासून दर रविवारी तो नव्या माणसाला तीच कथा सांगतो आणि दरवेळी मळा थोडा मोठा होतो.

मास्तरांच्या मुलीनं बाकावर बसून ही कथा पाठ होईल इतक्यांदा ऐकलेली. ती औषधांच्या दुकानात काम करते. बोलायला तिखट, हाताला स्थिर. तिनं विमानाचं लायसन काढलं तेव्हा तिच्या आईनं, म्हणजे वहिनींनी, मास्तरांशी चांगलाच अबोला धरला होता. "घरात एक उडतोय तेवढा पुरे होता," असं त्या मला दाढ काढून घेताना म्हणाल्या, तोंडात कापूस असताना.

त्या दिवशी ती पहिल्यांदाच एकटी लांब गेली होती, टेकड्यांपलीकडच्या धावपट्टीवर, आणि दुपारनंतर परतायची होती. हवा थंड, ओली. टेकड्यांवर धुरकट पांढरं काहीतरी बसलेलं. मास्तर बाकावर आमच्याबरोबर होते, पण दर थोड्या वेळानं उठून रेडिओच्या खोलीत जायचे आणि काही न करता परत यायचे. बागायतदार म्हणाला, "मास्तर, रेडिओत काय लोणी काढताय? बसा जरा." मास्तर बसले. त्यांचा चहा तसाच राहिला होता.

तेवढ्यात खोलीतला स्पीकर खरखरला आणि तिचा आवाज आला. टेकड्या ओलांडून ती खाली यायला लागली होती. इंजिन अडखळत होतं. "गरम हवा ओढली आहे," ती म्हणाली, "पण ओढल्यावर जास्तच खोकतंय."

आम्ही सगळे खोलीत घुसलो. मास्तरांनी माइक उचलला.

"मूठ तशीच ओढून ठेव," ते म्हणाले. "अजिबात सोडू नकोस. आत्ता खोकणारच ते. काही होणार नाही."

तोच मीठ मागायचा सूर. मला त्यांचा अभिमान वाटला, खरंच सांगतो. पोटच्या पोरीचं विमान खोकतंय आणि माणूस हलला नाही.

आम्ही मात्र हललो. बागायतदाराच्या कमरेला हातातला रेडिओ असतो. त्यानं तो तोंडाशी नेला आणि ओरडला, "खाली शेतं बघ! सपाट शेत बघून ठेव!" त्याच वेळी वर हवेत, दुसऱ्या विमानात, आमचा फोटोवाला होता, लग्नाचे फोटो काढणारा, जवळच घिरट्या घालत. तोही बोलायला लागला, की उंची सोडू नकोस, मी तुझ्याकडे येतो. आणि मी? मी मास्तरांच्या खांद्यावरून माइकात वाकून म्हणालो, "पेट्रोलची टाकी बदलून बघ."

प्रत्येकाचा सल्ला बरोबर होता. पण रेडिओवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. दोघांनी बटणं दाबली की ऐकणाऱ्याला फक्त कर्कश शिट्टी ऐकू येते, आणि आम्ही तर तिघं होतो. वर्षानुवर्षं हे आम्हीच नव्या पोरांना शिकवतो. स्पीकरमधून ती शिट्टी आली तेव्हा कुठे आम्हाला कळलं की आपण काय करतोय.

"बटणं सोडा सगळ्यांनी," मास्तर म्हणाले. आम्ही सोडली. त्यांनी तिला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. स्पीकरमध्ये नुसती खरखर.

"ऐकू येत असेल तर माइकचं बटण नुसतं दोनदा दाब," ते म्हणाले.  काहीच वाजलं नाही.

बागायतदार सगळ्यांत आधी कोसळला. मनानं, म्हणजे. खुर्चीत बसून म्हणाला, "मास्तर, बर्फ नसलाच तर? दुसरंच काही असलं तर? गरम हवेनं ताकद आणखी कमी होते. तिथं खाली अजून झाडीच आहे." मी त्याला डोळ्यांनी दटावलं, पण शब्द बाहेर पडले होते.  मास्तर टेबलाशी उभे होते आणि त्यांचा उजवा पाय जमिनीवर करकचून दाबलेला होता. तिथं फरशीखेरीज काही नव्हतं.

मला तेव्हा त्यांचं सगळं कळलं. आयुष्यभर ज्याच्या हातात स्टिअरिंग नसतं पण पायाखाली ब्रेक असतो असा तो माणूस, आणि आज ब्रेकही नव्हता. त्यांनी तिला 'सोडू नकोस' सांगितलं होतं. ते चुकीचं असलं तर ती त्यांच्या शब्दानं झाडीत जाणार होती. त्यांना धीर द्यावा असं वाटलं, पण माझ्या तोंडून त्या दिवशी आधीच नको तेवढं निघालं होतं.

टेबलावरचा त्यांचा फोन वाजला. पडद्यावर 'घर'. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि नजर स्पीकरकडे वळवली. फोन वाजायचा थांबेना, तसा मी उचलला.

"वहिनी, मी डॉक्टर. मास्तर जरा बाहेर गेलेत."

"ती उतरली का?"

"येतेच आहे."

"येतेच आहे म्हणजे दिसतेय का तुम्हाला?"

"हवा थोडी धुरकट आहे ना," मी म्हणालो. "आली की लगेच फोन करायला सांगतो."

वहिनींनी फोन ठेवला. दात काढताना 'दुखणार नाही' म्हणतो तेव्हा लोक माझ्याकडे जसे बघतात, तशा त्या पलीकडे बघत असणार याची मला खात्री होती.

फोटोवाला टेकड्यांच्या बाजूला गेला होता. तो मध्येमध्ये सांगत होता: दिसत नाही. अजून नाही. धुकं उतरतंय. मग तो थांबला आणि वेगळ्याच आवाजात म्हणाला, "खाली एका शेतात पांढरं काहीतरी आहे. मोठं आहे. मी खाली जाऊन बघतो."

तिचं विमान पांढरं होतं.

बागायतदारानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मास्तरांनी माइक हळूच टेबलावर ठेवला, कपबशी ठेवावी तसा, आणि म्हणाले, "त्याला सांगा, सावकाश बघ. घाई करून तो नको पडायला." त्याही वेळी आवाज तोच. मला त्या आवाजाचा पहिल्यांदाच राग आला. वाटलं, हा माणूस आतून लाकडाचा आहे की काय? एकदा तरी ओरड, रड, आम्हाला शिव्या घाल. आमच्यामुळेच तिला तुझं बोलणं ऐकू आलं नाही, असं तरी म्हण.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. फोटोवाल्याचा आवाज आला, "प्लास्टिकचं कापड आहे. पिकावर अंथरलंय. विमान नाही, परत सांगतो, विमान नाही."

आम्ही बाहेर धावलो. खोलीत थांबणं शक्यच नव्हतं. सगळे टेकड्यांकडे तोंड करून उभे राहिलो, मान वर, ओठ घट्ट. कोणी कोणाला काही सांगेना. आमच्या क्लबात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

आवाज आला तो पाठीमागून. इंजिनाचा, सरळ, एकसारखा. आम्ही वळलो. मागच्या हमरस्त्याच्या बाजूनं पांढरं विमान खाली येत होतं, आणि उघड्या दारातून स्पीकर बोलला, "रस्त्याकडून येतेय. उतरते." बास, एवढंच.

ती उतरली. एक उडी बसली, दुसरी छोटी, मग चाकं गवताला धरून राहिली. त्या उडीवर बाकावाल्यांपैकी कोणी चकार शब्द काढला नाही. बागायतदार तर उघड उघड रडत होता आणि आपण धुळीनं रडतोय असं दाखवायची तसदीही घेत नव्हता. मी आधी वहिनींना फोन केला. त्यांनी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवून दिला. घरी मायलेकींचं आणि बापाचं काय व्हायचं ते होणार होतं.

ती विमानातून उतरून आली. केस घामानं कपाळाला चिकटलेले, उजव्या हाताच्या तळव्यावर मुठीचा लाल वळ. सगळ्यांनी एकदम विचारलं, काय झालं?

"बर्फच होता," ती म्हणाली. "खूप खोकलं, मग एकदम मोकळं झालं. हात मूठ आत ढकलायला निघालाच होता, तेवढ्यात काकांचे टोमॅटो आठवले."

"आठवले ना!" बागायतदार नाक पुसत म्हणाला. "माझा मळा वाया नाही गेला!"

"मग झाडीवरून सरळ यायचं सोडून हमरस्त्यावरून वळसा घेतला. पुन्हा बंद पडलं तर खाली उतरायला काहीतरी हवं म्हणून."

"पण उत्तर का नाही दिलंस?" मी विचारलं. "आम्ही इथं अर्धमेले झालो."

"बोलायला हात कुठे होता, डॉक्टरकाका? एक दांडीवर, एक मुठीवर. आणि..." तिनं बापाकडे पाहिलं. "मी रेडिओचा आवाज बंद केला होता."

"आमच्या गोंधळामुळे," मी म्हणालो. "चूक आमचीच. सगळे एकदम बोललो."

"नाही, तुमचं काही मी ऐकलंच नाही. तुम्ही बोलायच्या आधीच बंद केला." ती आता फक्त मास्तरांशी बोलत होती. "बाबा, तुम्ही 'काही होणार नाही' म्हणालात."

ती त्यांच्या समोर येऊन उभी राहिली.

"लहानपणी मी तुमच्या गाडीत मागं बसून यायचे, शाळा सुटल्यावर. लोक रडायचे, गाडी फुटपाथवर चढवायचे. तुम्ही कधी कोणाला 'काही होणार नाही' म्हणाला नाहीत. हे घ्या, ते दाबा, इकडे बघा, एवढंच. आज म्हणालात. मला कळलं, तुम्ही घाबरलात. ते ऐकत राहिले असते तर मीही घाबरले असते."

आम्ही चौघं-पाचजण तिथं उभे होतो. त्या खोलीत आम्ही त्यांच्या शेजारी, हाताच्या अंतरावर होतो, आणि आमच्यातल्या एकालाही ते ऐकू आलं नव्हतं.

मास्तरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

"फार घाबरलो होतो गं," ते म्हणाले.

आवाज तोच होता. तिनं त्यांच्या हातातून चष्मा घेतला आणि त्यांच्या डोळ्यांवर नीट बसवला.